एकाचे चाळीस : हौशी सीएनसीवर तोच जॉब पुन्हा पुन्हा चालवताना

सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेनं लाकूड कापणारं यंत्र) नवा असतो तेव्हा पहिला नग नीट उतरला याचाच आनंद मोठा असतो. मग कोणीतरी तो नग हातात घेऊन म्हणतं, "छान झालाय, असे चाळीस हवेत." तेव्हा लक्षात येतं की हा एक नग करताना आपण नजरेनं, बोटानं आणि अंदाजानं जे काही जुळवलं होतं, ते सगळं आता चाळीस वेळा जुळवायचं आहे.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. कप ठेवायची लाकडी गोल चकती, व्यास ९० मिमी, जाडी १० मिमी. वरच्या बाजूला व्ही-बिटनं, म्हणजे टोकदार फिरत्या पात्यानं, कोरलेली नक्षी, खालच्या बाजूला कॉर्क बसवायला ८० मिमी व्यासाचा २ मिमी खोल खड्डा. लाकडाचे ११० बाय ११० मिमीचे चौकोनी तुकडे आधीच कापून ठेवले आहेत.

वरच्या बाजूच्या कामाचा हिशेब मांडू. समजा प्रत्यक्ष कापायला ६ मिनिटं लागतात. तुकडा पकडून एक्स, वाय आणि झेडचं शून्य घ्यायला (म्हणजे मोजमाप कुठून सुरू करायचं ते यंत्राला दाखवायला) ४ मिनिटं, दोन वेळा बिट बदलून पुन्हा झेड घ्यायला ४ मिनिटं, आणि भुसा काढून नग सोडवायला १ मिनिट. एका नगाला १५ मिनिटं, म्हणजे चाळिसाला ६०० मिनिटं, पूर्ण दहा तास.

इथे नवशिक्याचा हात आधी फीडकडे, म्हणजे बिट लाकडातून सरकण्याच्या वेगाकडे जातो. फीड सव्वापट केला, तरी ६ मिनिटांची ४.८ होतात. चाळीस नगांमागे वाचली ४८ मिनिटं, आणि त्यासाठी बिट तुटण्याचा धोका पत्करला. शून्य घेणं आणि बिट बदलणं यात मात्र ८ गुणिले ४०, म्हणजे ३२० मिनिटं जात आहेत. वेळ वाचवायचा तर तिथे वाचवायचा.

मला या विषयात सांगायचं ते एवढंच आहे: शून्य जॉबचं नसावं, फिक्स्चरचं, म्हणजे नग बसवायच्या पक्क्या साच्याचं असावं. जोवर तुम्ही प्रत्येक लाकडाच्या कोपऱ्यावर जाऊन शून्य घेता, तोवर प्रत्येक नग हा पहिलाच नग असतो. शून्य एकदा फिक्स्चरच्या कोपऱ्यात रोवलं, की पुढचं काम नग ठेवणं, दाबणं आणि बटण दाबणं एवढंच उरतं.

आधी यंत्राला स्वतःची जागा कळू द्या

लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं हे सांगणारी कळ) नसलेलं यंत्र चालू केलं की ते जिथे उभं असेल तीच जागा त्याला शून्य वाटते. बंद करून पुन्हा चालू केलं की जुना पत्ता हरवला. शिवाय स्टेपर मोटरची वीज गेली की रोटर जवळच्या स्थिर जागी सरकतो, त्यामुळे "मी तर काही हलवलं नाही" म्हणून भागत नाही. म्हणून होमिंग हवंच. जीआरबीएल हे नियंत्रण सॉफ्टवेअर असलेल्या यंत्रावर ते सेटिंग क्रमांक २२ मध्ये १ टाकून सुरू होतं. मग डॉलर-एच ही आज्ञा दिली की यंत्र स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखतं.

स्विच लावले म्हणजे काम झालं असं मात्र धरू नका. बेडवर कागद चिकटवून त्यावर बारीक फुली काढा, व्ही-बिटचं टोक तिच्यावर आणून शून्य नोंदवा. मग दहा वेळा होमिंग करून दहा वेळा त्या शून्यावर परत या. टोक दरवेळी फुलीवरच येत असेल तर पुढे चला. कधी इकडे, कधी तिकडे येत असेल तर स्विचचा स्क्रू, त्याची वायर किंवा होमिंगचा शेवटचा संथ वेग यांपैकी कशात तरी गडबड आहे. ती आधी दुरुस्त करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्विच बसवणं आत्ता शक्यच नसेल, तर निदान एका बैठकीत काम पूर्ण करा आणि सेटिंग क्रमांक १ मध्ये २५५ टाका, म्हणजे दोन रनच्या मध्ये मोटरची पकड सुटणार नाही. मोटर नेहमीपेक्षा गरम राहतील, मधून हात लावून पाहत जा.

आता शून्य साठवण्याबद्दल. जीआरबीएलमध्ये जी५४ ते जी५९ अशा सहा कार्य-निर्देशांक पद्धती, म्हणजे शून्य साठवायचे सहा कप्पे असतात. त्यांत नोंदवलेलं शून्य वीज गेली तरी टिकतं. जी९२ नं दिलेलं शून्य टिकत नाही, म्हणून पुनरावृत्तीच्या कामात जी९२ च्या वाटेला जाऊ नका. बिट फिक्स्चरच्या कोपऱ्यावर आणून 'जी१० एल२० पी१ एक्स० वाय०' ही आज्ञा दिली की ती जागा जी५४ चं शून्य म्हणून लिहिली जाते. (यंत्राला आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत आणि अंकांत द्यायच्या.) उद्या होमिंग केलं की तेच शून्य जागेवर हजर.

फिक्स्चर : इथे वेळ घालवा

१८ मिमी जाडीचा एमडीएफचा तुकडा बेडवर स्क्रूनं पक्का करा. स्क्रूची डोकी खोल बुडवा, बिट त्यांच्यावरून जाणार आहे. मग मोठ्या सपाट बिटनं तो वरून हलकासा तासून घ्या. आता हा पृष्ठभाग यंत्राच्या स्वतःच्या एक्स-वाय चालीशी समांतर झाला. बेड थोडा वाकडा असला तरी या जॉबपुरता प्रश्न मिटला.

तुकडा टेकवायच्या कडा, म्हणजे फेन्स, बाहेरून आणून चिकटवू नका. यंत्राकडूनच कापून घ्या: फिक्स्चरमध्ये ४ मिमी खोल इंग्रजी एलच्या आकाराची पायरी कापली की तिच्या दोन कडा यंत्राच्या अक्षांना आपोआप समांतर येतात. गुण्या लावून तपासत बसायला नको. कोपऱ्यात बिटची गोलाई उरते आणि लाकडाचा चौकोनी कोपरा तिच्यावर अडतो, म्हणून तिथे बिट थोडं आत नेऊन कान काढा. फेन्सच्या तळाशी एक बारीक खाचही कापा. ती क्षुल्लक वाटते, पण उरलेला भुसा तिच्यात पडतो आणि लाकूड फेन्सला खरोखर टेकतं.

टेकवण्याचा जुना नियम आहे तीन-दोन-एक: तळाला तीन बिंदू, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. सपाट तळावर तीन बिंदू वेगळे मोजायची गरज नाही, पण बाजूच्या फेन्स सलग ठेवण्यापेक्षा मधून खोदून दोन टोकंच टेकतील असं केलंत तर कापलेली कड थोडी बाकदार असली तरी तुकडा डुगडुगत नाही.

पकडायला समोरच्या दोन बाजूंनी ६ मिमी प्लायचे कॅम क्लॅम्प. बोटानं फिरवले की तुकडा फेन्सवर दाबला जातो, सोडताना उलटे फिरवले की मोकळा. वरून पट्टी टाकून स्क्रू आवळणारे क्लॅम्प एका नगाला चालतात. चाळीस नगांत तेच तुमचे मनगट आणि तुमचा वेळ खातात, शिवाय बिटच्या वाटेत येतात. कॅमची उंची तयार नगापेक्षा कमी ठेवा. पायरीच्या तळावर बसवलेला ६ मिमी कॅम १० मिमीच्या नगाच्या बराच खाली राहतो, त्यामुळे वरचा पूर्ण पृष्ठभाग बिटला मोकळा मिळतो. कॅम फिरल्यावर त्याचं टोक कापायच्या गोलाच्या वाटेत घुसत नाही ना, हेही एकदा पाहा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यामुळे बरीच अनावश्यक धडपड वाचते. एकाच पकडीत नक्षी आणि बाहेरचा गोल दोन्ही कापणार असाल, तर चौकोनी तुकडा अर्धा मिमी इकडेतिकडे बसला तरी काहीही बिघडत नाही. नक्षी आणि गोल एकमेकांशी जुळलेलेच राहतात, टाकाऊ कडा तेवढ्या कमीजास्त होतात. अचूक बसवण्याची खरी गरज नग उलटा केल्यावर येते. तेव्हा आधी कापलेली बाजू आणि आता कापायची बाजू यांचं नातं फक्त फिक्स्चर ठरवतं.

म्हणून उलट्या बाजूसाठी वेगळं फिक्स्चर: ९०.२ मिमी व्यासाचं गोल घरटं. त्याचा एक अर्धा भाग स्थिर आणि दुसरा कॅमनं दाबला जाणारा, म्हणजे वरून काहीही न लावता चकती कडेनं पकडली जाते. माझी चूक इथेच झाली होती. एका जॉबमध्ये घरट्याच्या तळाला भुसा साचत गेला आणि चकत्या एका बाजूनं किंचित उचलल्या जाऊ लागल्या. खड्डा एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला उथळ. पहिले चार नग मोजून बरोबर आले म्हणून मी मोजणं सोडून दिलं होतं, आणि कॉर्क चिकटवायला बसलो तेव्हा कळलं की निम्मे नग गेले. तेव्हापासून घरट्याच्या तळाच्या कडेला गोल खाच कापतो, आणि ब्रश फिरवल्याशिवाय पुढचा नग ठेवत नाही.

झेडचं शून्य कुठे?

आरपार कापायचं असेल तर तळावरून झेड मोजणं सोपं, नक्षीची खोली मात्र वरच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. आणि लाकडाची जाडी कधीच सारखी नसते. ६० अंशांच्या व्ही-बिटची रेघ खोलीच्या साधारण १.१५ पट रुंद पडते, ९० अंशांच्या बिटची बरोबर दुप्पट. म्हणजे जाडीत ०.३ मिमी फरक असेल, तर ९० अंशांच्या बिटनं कोरलेल्या रेघेत ०.६ मिमीचा फरक येतो. एकाशेजारी एक ठेवलेल्या चकत्यांत तो लगेच डोळ्यात भरतो.

प्रत्येक तुकड्यावर वेगळं झेड घेणं हा उपाय नाही, ती पुन्हा त्याच जुन्या वाटेवरची चाल आहे. तुकडे १०.५ ते ११ मिमी जाड घ्या, आणि प्रोग्रॅममधलं पहिलंच काम ठेवा वरचा पृष्ठभाग तासून तळापासून बरोबर १० मिमीवर आणणं. आता झेडचं शून्यही फिक्स्चरचा तळ आहे आणि वरचा पृष्ठभाग कुठे आहे हे यंत्राला ठाऊक आहे, कारण तो त्यानंच घडवला. तासायला प्रत्येक नगामागे मिनिटभर जास्त जाईल. ते आनंदानं द्या.

आरपार कापताना नग सुटून उडू नये म्हणून टॅब, म्हणजे न कापलेले छोटे दुवे, ठेवण्याची पद्धत आहे. पाचदहा नगांना ती ठीक. चाळीस नगांना तीन-तीन टॅब म्हणजे एकशेवीस ठिकाणी करवत आणि सँडपेपर. मी त्याऐवजी तळाला ०.३ मिमीची पातळ साल सोडतो. नग जागेवर राहतो, काढताना अंगठ्यानं दाबला की सुटतो, आणि कडेला एकदा सँडपेपर फिरवला की साफ. मात्र तळ सपाट तासलेला असेल तरच हे जमतं, नाहीतर साल एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब.

एका वेळी सहा

बेडवर १३० मिमी अंतरानं दोन गुणिले तीन अशी सहा घरं बसली, तर बिट बदलण्याचा वेळ सहा नगांत वाटला जातो. कॅममध्ये, म्हणजे टूलपाथ (बिटचा मार्ग) बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका नगाचा पॅटर्न करा आणि क्रम 'टूलनुसार' ठेवा. आधी ६ मिमी एंडमिलनं (सपाट तोंडाच्या बिटनं) सहाही नगांचं तासणं, मग व्ही-बिटनं सहांची नक्षी, शेवटी पुन्हा एंडमिलनं बाहेरचे गोल. इथे एंडमिल दोनदा लागतं हे पाहा. गोल आधी कापला तर खेपेच्या मधला एक बदल टळतो (पुढच्या खेपेआधी तो करावा लागतोच), पण मग नक्षी पातळ सालीवर उभ्या असलेल्या नगावर कोरली जाते. मधला मार्ग असा: गोल सुरुवातीलाच ६ मिमी खोलीपर्यंत कापायचा आणि उरलेला शेवटी. एकूण वेळ वाचत नाही, पण शेवटच्या टप्प्यात नगाला बसणारे हिसके कमी होतात. नक्षी जर एंडमिलनंच भागणारी असेल, तर डिझाइन बदला आणि व्ही-बिट टाकूनच द्या. बिट न बदलण्याइतका जलद बदल दुसरा नाही.

पुन्हा हिशेब. तासण्यासह कापणं प्रत्येकी ७ मिनिटं, म्हणजे ४२. सहा नग ठेवणं-काढणं ३ मिनिटं, दोन बदल ४ मिनिटं. एका खेपेला ४९ मिनिटं, सात खेपांना ३४३. दहा तासांचं काम पावणेसहा तासांच्या आत आलं, आणि शेवटच्या खेपेत चारच नग असल्यानं प्रत्यक्षात त्याहूनही थोडं कमी. यात फीड कुठेही वाढवलेला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच नगाची फाइल जी५४, जी५५ अशा सहा शून्यांवर चालवणं. त्या फाइली जोडून एक करणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा: प्रत्येक फाइलच्या शेवटी एम३० असतं. ते प्रोग्रॅम संपवतं आणि जी५४ वर परत आणतं. मधली सगळी एम३० काढून फक्त शेवटचं ठेवा. साध्या जीआरबीएलमध्ये लूप किंवा सबप्रोग्रॅम नाहीत, लिनक्ससीएनसीमध्ये आहेत. बिट बदलायची एम६ आज्ञाही साधं जीआरबीएल स्वीकारत नाही. म्हणून प्रत्येक बिटची फाइल वेगळी ठेवणं सर्वात सुरक्षित. मध्येच एम० नं थांबवणार असाल तर त्याआधी एम५ हवंच, कारण एम० चाल थांबवतं, स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, नाही.

बिट बदलल्यावर फक्त झेड पुन्हा घ्यायचं, एक्स आणि वायला हात लावायचा नाही. त्यासाठी फिक्स्चरच्या एका कोपऱ्यात कधीही न कापली जाणारी तासलेली जागा राखून ठेवा आणि दरवेळी तिथेच टच प्लेट (बिट टेकल्याचं यंत्राला कळवणारी धातूची पट्टी) ठेवून जी३८.२ नं झेड घ्या. कोलेट (बिट पकडणारा चिमटा) काढलंच आहे तर आतला भुसा पुसा.

आता वेग

वाया जाणारी चाल आधी शोधा. बिट एका जागेवरून दुसरीकडे जाताना किती उंच उठतं ते पाहा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ही उंची १० मिमी किंवा जास्त असते. एका नगात ६० वेळा बिट उठत असेल आणि झेडचा कमाल वेग मिनिटाला ५०० मिमी असेल, तर वरखाली २० मिमीप्रमाणे १२०० मिमी चाल, म्हणजे २.४ मिनिटं नुसती हवेत. नगाच्या आतली उंची २ मिमी केली की अर्धं मिनिटही लागत नाही. कॅम क्लॅम्प खालीच असल्यामुळे हे शक्य झालं. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मात्र उंची भरपूर ठेवा.

फीड ठरवायचं साधं सूत्र: आरपीएम गुणिले बिटच्या धारा गुणिले प्रत्येक धारेनं काढायची चिप. १६,००० आरपीएम, दोन धारा, ०.०५ मिमी चिप, तर मिनिटाला १६०० मिमी. बिट फार संथ चालवलं तर ते कापण्याऐवजी घासतं, लाकूड जळतं आणि धार जाते. त्यामुळे "जपून म्हणून हळू" हे धोरणही बरोबर नाही. यंत्राला झेपणारा वेग शोधा आणि त्याच्या थोडं अलीकडे थांबा. एका नगात मोटरची स्टेप हुकली, म्हणजे ती आज्ञेइतकी फिरली नाही, तर एक नग जातो, सहांच्या खेपेत हुकली तर उरलेले सगळे जातात.

खेप तासाभराची झाली की यंत्राजवळून उठून जावंसं वाटतं. जाऊ नका. बोथट बिट एका जागी घासत राहिलं तर लाकूड पेट घेऊ शकतं, आणि ठिणगी भुसा ओढणाऱ्या नळीतून पिशवीत गेली तर ती तिथे बराच वेळ धुमसते. इमर्जन्सी स्टॉप हाताच्या अंतरावर, डोळ्यांना चष्मा, एमडीएफ कापताना नाकातोंडावर चांगला मास्क, आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे अजिबात नाहीत.

ठेवणं, काढणं, मोजणं

प्रोग्रॅम संपल्यावर स्पिंडल कुठे थांबतं ते स्वतः ठरवा. आधी 'जी५३ जी० झेड-२' नं झेड वर, मग स्पिंडल मागच्या कोपऱ्यात, म्हणजे सगळी घरं हाताला मोकळी. जी५३ ही यंत्राच्या स्वतःच्या निर्देशांकांतली चाल आहे, आणि जीआरबीएलमध्ये होमिंगनंतर ते सहसा ऋण असतात, म्हणून तो वजा. थांबायची जागा जी२८.१ नं नोंदवून पुढे नुसतं जी२८ वापरता येतं, पण ती चाल आहे तिथून थेट निघते. आधी झेड वर घेतल्याशिवाय कधीच देऊ नका.

प्रत्येक खेपेआधी होमिंग करा. अर्धं मिनिट लागतं आणि मागच्या खेपेत कुठे एखादी स्टेप हुकली असेल तर ती चूक पुढे वाहत नाही. पहिल्या खेपेचे सगळे नग मोजा, नंतर प्रत्येक खेपेतला एक, आणि दरवेळी वेगळ्या घरातला. व्यास थोडा मोठा येत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी बिट वर्नियरनं मोजा. ६ मिमी म्हणून घेतलेलं बिट ५.९५ असेल तर बाहेरचा गोल ०.०५ मिमीनं मोठा येणारच. तो आकडा कॅम सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करा. कड तंतुमय दिसू लागली किंवा आवाज चढला तर बिट बदला, खेप संपायची वाट पाहू नका.

बेडला दोन पिना बसवल्यात तर फिक्स्चर काढून परत लावणंही सोपं होतं. फिक्स्चरमध्ये एका पिनेसाठी गोल भोक आणि दुसरीसाठी लांबट खाच करा. दोन्ही भोकं गोल केलीत तर हवामानानं एमडीएफ किंचित फुगला की ते बसायला तयार होत नाही. अशी दोन फिक्स्चरं असली तर एक यंत्रावर कापलं जात असताना दुसरं तुम्ही शेजारच्या टेबलावर भरू शकता.

काम संपलं की फिक्स्चर फेकू नका. त्याच्यावरच मार्करनं लिहा: कोणतं शून्य, जी५४ चे आकडे, तुकड्याचं माप, दोन्ही बिट, फाइलचं नाव, तारीख. पुढच्या वेळी ते पिनांवर बसवा, होमिंग करा, आणि स्पिंडल बंद ठेवून बिट शून्यावर आणून पाहा. टोक कोपऱ्यावर आलं तर पहिला तुकडा लावा.